आपले घर आपण तपासू या

या अंकात मी परिसर अभ्यासाचा लेख लिहिला आहे. आम्ही जानेवारीपासून जे पाहिले आणि मोजले तेच यात लिहिले आहे. लेख जरा मोठा आहे. पण मृग निघायला आता दोनच महिने राहिले आहेत, म्हणून शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

आपल्या शाळेत आरोग्य तपासणी होते. डॉक्टर जीभ बघतात, डोळे बघतात, वजन करतात. जी मुले आजारी नाहीत त्यांनाही तपासतात. आजार मोठा व्हायच्या आत कळावा म्हणून. जानेवारीत गुरुजींनी आम्हाला विचारले, "तुमची तपासणी होते. पण तुम्ही ज्या घरात झोपता त्याची तपासणी कोण करतं?" कोणीच हात वर केला नाही. मग मागून एकजण म्हणाला, "गुरुजी, गळाया लागल्यावर करतेत." सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "हसू नका. तो खरं बोलला."

त्या दिवसापासून आम्ही घरे तपासायला लागलो.

साहित्य

यासाठी काही विकत आणावे लागत नाही. सुतळी, एक जड दगड, फूटपट्टी, पेन्सिल, खडू, एक लाकडी दांडकं, एक मोठा खिळा, लोटाभर पाणी आणि वही. सुतळीला दगड बांधला की ओळंबा तयार होतो. गवंड्याकडे पितळेचा किंवा लोखंडाचा असतो, पण दगडाचाही सरळच लोंबतो.

गुरुजींनी घालून दिलेले नियम

1. एकट्याने तपासायचे नाही. मोठे माणूस बरोबर पाहिजे.
2. शिडीवर, माळवदावर, पत्र्यावर मुलांनी चढायचे नाही. वरचे मोठी माणसे बघतील, आपण खालून विचारायचे.
3. वायरीला आणि बटणाला हात लावायचा नाही. ओल्या भिंतीवरच्या तर मुळीच नाही.
4. ज्या भिंतीला पोट आले आहे तिच्याजवळ रेंगाळायचे नाही.
5. "तुमचं घर पडणार" असे कोणालाही म्हणायचे नाही. जे दिसले ते वहीत लिहून घरच्यांना दाखवायचे.

पहिली तपासणी : आपली शाळा

आधी आपली शाळाच तपासली. व्हरांड्याच्या स्लॅबखाली आम्ही रोज खिचडी खायला बसतो. तिथे वर बघितले तर सिमेंटचा एक पापुद्रा निघालेला होता आणि आतला गज दिसत होता. गज तांबूस झाला होता. गुरुजींनी समजावून सांगितले की लोखंड गंजले की फुगते. फुगलेला गज सिमेंटला आतून ढकलतो, मग सिमेंट फुटून खाली पडते. फुटलेल्या जागेतून आणखी पाणी जाते आणि गज आणखी गंजतो. म्हणून नुसता वरून गिलावा करून हे बरे होत नाही. आधी गंज साफ करावा लागतो आणि पाणी कुठून येते ते शोधावे लागते.

पाणी कुठून येते ते दोन पालकांनी शिडी लावून पाहिले. स्लॅबवर लिंबाचा पाला साचून पाइपाचे तोंड बंद झाले होते. मागच्या पावसाचे पाणी वर तुंबले होते आणि त्याचा डाग खाली छताला आला होता. एक घमेलं पाला निघाला! पाला काढायला अर्धा तास लागला. तो वेळेवर काढला असता तर एवढी ओल मुरली नसती.

कठड्याच्या फटीत पिंपळाचे रोप उगवले होते. पाखरे पिंपळाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी फटीत पडते. रोप वरून तोडले तर पुन्हा फुटते. ते मुळासकट काढून फट बुजवावी लागते. रोप वीतभर आहे तोवर हे जमते. मूळ भिंतीत शिरून जाड झाले की भिंत फोडावी लागते.

दुसरीच्या वर्गाला पत्रे आहेत. पत्र्यावर वाऱ्यासाठी दगड ठेवले होते. गुरुजी म्हणाले, वळवाचा वारा सुटला की पत्रा उचलतो आणि दगड खाली येतो, खाली कोण आहे ते दगड बघत नाही. पत्रा आकड्याच्या बोल्टाने आणि वायसरने आवळलेला पाहिजे. तीन बोल्ट ढिले निघाले. ते आवळून घेतले आणि दगड काढले.

दाराच्या चौकटीला मातीची बारीक नळी वर चढलेली होती. ती वाळवीची वाट. आम्ही ती बोटभर मोडली आणि वहीत लिहिले. तिसऱ्या दिवशी पाहिले तर पुन्हा बांधलेली! म्हणजे वाळवी आत जिवंत आहे. शेजारी खिळा टोचला तर तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला. चौकट वरून रंगवलेली, आतून पोकळ.

व्हरांड्यात जिथे गज दिसतो तिथे खाली खडूने गोल काढला आहे. आता तिथे कोणी बसत नाही. पाहुण्यांनीही त्या गोलात उभे राहू नये. मुख्याध्यापकांनी दुरुस्तीचा अर्ज पंचायत समितीकडे पाठवला आहे.

दुसरी तपासणी : माळवदाची घरे

आमच्या गावात सिमेंटची घरे वाढली आहेत. तरी बरीच घरे अजून दगडमातीची आणि माळवदाची आहेत. भिंत दोन दोन फूट जाड असते. वर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर किलचण, त्यावर पाला-चिपाडं आणि सगळ्यात वर पांढरी माती. उन्हाळ्यात ही घरे थंड राहतात. माझ्या आजीला सिमेंटच्या घरात झोपच येत नाही.

अशा घरात आम्ही चार गोष्टी बघितल्या.

पहिली गोष्ट पाणी. भिंतीच्या बुडाशी लोटाभर पाणी ओतायचे आणि ते कुठे पळते ते बघायचे. भिंतीपासून दूर पळाले तर चांगले. भिंतीकडे आले तर पावसाळ्यातही तिकडेच येणार. आम्ही नऊ घरे पाहिली, त्यांतल्या पाच घरी पाणी भिंतीकडे आले. घराला बाहेरून मातीचा उतार करून घेतला की हे थांबते. त्याला पैसा लागत नाही, खोरं लागतं. माळवदाची पन्हाळ पण बघायची. पन्हाळ आखूड असली तर पाणी भिंतीवरूनच उतरते.

दुसरी गोष्ट लोणा. भिंतीच्या खालच्या भागात पांढरी भुकटी दिसते आणि बोट लावले की माती गळते. जमिनीतले पाणी भिंतीत वर चढते, त्याबरोबर खार चढतो. पाणी वाळते आणि खार तिथेच राहून भिंत कुरतडतो. लोणा दिसला म्हणजे बुडाशी ओल आहे असे समजावे. पुष्कळ लोक वरून सिमेंटचा गिलावा करतात. पण मातीच्या भिंतीवर तो नीट धरत नाही आणि आतली ओल आतच कोंडते. ओल हटवून मातीचाच गिलावा करावा.

तिसरी गोष्ट आवाज. बायका बाजारात मडकं वाजवून घेतात, तशी भिंत दांडक्याने हळू वाजवायची. भरीव भिंत टक टक वाजते. गिलावा सुटला असेल किंवा आत पोकळी असेल तर बद बद आवाज येतो. तिथे खडूने खूण करायची. उंदराची बिळेही बघायची, कारण उंदीर भिंतीतली माती बाहेर काढतात.

चौथी गोष्ट माळवदाचे वजन. हे गणित मला सर्वांत आवडले. दर साली पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकतात. पण जुनी कोणी काढत नाही. त्यामुळे थर वाढतच जातो. आमच्या मधल्या खोलीवर दादांनी काठी टोचून मोजले तर माती 30 सें.मी. निघाली, म्हणजे एक फूट. आम्ही एक लीटरच्या मापात पांढरी माती दाबून भरली आणि किराणा दुकानात वजन केले. 1 किलो 600 ग्रॅम भरले.

खोलीची लांबी 4 मीटर, रुंदी 3 मीटर, मातीची जाडी 0.3 मीटर.
4 × 3 × 0.3 = 3.6 घनमीटर, म्हणजे 3600 लीटर.
3600 × 1.6 = 5760 किलो.

पन्नास किलोच्या पोत्यांत सांगायचे तर 115 पोती! ही कोरड्या मातीची गोष्ट झाली. पावसाने भिजली की आणखी जड. आम्ही रोज 115 पोत्यांखाली जेवतो, अभ्यास करतो आणि झोपतो. हे गणित मी घरी वाचून दाखवले तेव्हा दादा एकदम वर बघायला लागले.

तिसरी तपासणी : आमची मागची भिंत

आता आमच्या घराचे सांगते. ही गोष्ट लिहावी का नको असे मला वाटत होते. आई म्हणाली, "लिही, त्यात लाजायचं काय."

आमच्या मागच्या भिंतीला एक भेग आहे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाते. त्याच भिंतीला लागून माझ्या लहान भावाची बाज असते. मी दादांना भेग दाखवली. दादा म्हणाले, "आगं, ती दरसाली पडतीया आन् पावसाळ्यात मिटतीया. आबांच्या टायमापासून हाय ती."

दादा खोटे बोलले नाहीत. गुरुजींनी त्याचे कारण सांगितले. आमची जमीन काळी. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या सर्वांनी पाहिल्या आहेत. घराचा पाया त्याच मातीवर असला तर तोही थोडा वरखाली होतो. म्हणून भेग उघडते आणि मिटते. पण गुरुजी म्हणाले, "नुसतं दिसण्यावर जायचं नाही, मोजायचं." मग मी भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एक एक फुली काढली. दोन फुल्यांमधले अंतर दर पंधरा दिवसांनी फूटपट्टीने मोजले. वहीतला तक्ता असा :

15 जानेवारी : 50 मि.मी.
1 फेब्रुवारी : 50 मि.मी.
15 फेब्रुवारी : 51 मि.मी.
1 मार्च : 52 मि.मी.
15 मार्च : 54 मि.मी.

म्हणजे दोन महिन्यांत भेग 4 मि.मी. वाढली. शिवाय ती खाली बारीक आणि वर रुंद होती. अशा भेगेचा अर्थ असा की भिंतीचे एक टोक खाली बसत आहे. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतात, त्यांना एवढे घाबरायचे कारण नाही. तिरपी, आरपार आणि वाढती भेग असेल तर मात्र मोठ्यांना बोलवायचे.

त्याच दिवशी दादांनी वरच्या खिळ्याला ओळंबा लावून दिला. वर सुतळी भिंतीपासून 10 सें.मी. होती. खाली बुडाशीही 10 सें.मी. होती. पण मध्ये, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, 6 सें.मी. भरली. म्हणजे भिंत मध्ये 4 सें.मी. आत आली होती. आम्ही पुन्हा मोजले. पुन्हा 6. आजी बाजेवर बसून बघत होती. ती म्हणाली, "भित्तीला पोट आलंय बघ." मग घरात थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. आईने उठून भावाची बाज ओढली आणि दुसऱ्या खोलीत नेऊन टाकली.

भिंतीच्या आत काय होते

रविवारी गवंडीकाका आले. त्यांनी सगळ्यात आधी बाहेरची न्हाणी पाहिली. न्हाणीचे पाणी चरीतून न जाता भिंतीच्या बुडाशीच मुरत होते. म्हणून भिंतीचे एक टोक ओले आणि दुसरे कोरडे. काका म्हणाले, "आधी पाणी हटवा, मग भित्तीचं बघू. पाणी तसंच ठिवलं तर नवी भित्त बी बसंल."

पाडव्यानंतर काम सुरू झाले. आधी तुळईला लाकडी टेकू दिले आणि मगच पोट आलेला भाग उतरवला. तेव्हा आम्ही लांबून भिंतीच्या पोटात पाहिले. दोन फुटांची जाड भिंत म्हणजे खरे तर दोन पातळ भिंती होत्या. एक आतली, एक बाहेरची. मध्ये माती आणि बारीक चिपा भरलेल्या. दोघींना जोडणारा एकही दगड नव्हता. पाणी मुरून मधली माती बसली आणि आतली भिंत एकटीच आत झुकली. एक उंदराचे घरही निघाले, त्यात माझ्या हरवलेल्या रिबिनीचा तुकडा होता.

काकांनी नवी भिंत रचताना भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातले. उंचीला दर दोन फुटांवर आणि आडवे दर चार फुटांवर एक. तो दगड दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. लांब दगड मिळाला नाही तिथे आत गज घालून सिमेंटचा ठोकळा ओतला. माळवदावरची अर्धी माती उतरवली, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि राहिलेली अर्धी माती पुन्हा उताराने पसरली. म्हणजे 57 पोती वजन कमी झाले. न्हाणीचे पाणी आता चरीतून परसातल्या केळीला जाते.

खर्च झाला. तुरीच्या पैशातून दादांना शेतासाठी पाइप घ्यायचे होते. ते आता पुढच्या साली. दादा मला म्हणाले, "पाइप पुढच्या साली बी मिळतेत." मला वाटले होते ते रागावतील.

किल्लारीचा धडा

काम चालू असताना आजीने मला किल्लारीची गोष्ट सांगितली. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागात मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, लोक थकून झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. आमच्या घरातली भांडी त्या पहाटे फळीवरून खाली आली होती. आजी म्हणते, "भूकंपानं मानसं न्हाई मारली, घरांनीच मारली."

गुरुजींनी हेच वर्गात समजावून सांगितले. तिथली पुष्कळ घरे आमच्यासारखीच होती. जाड दगडी भिंती, मध्ये मातीची भर, जोडणारे दगड नाहीत आणि वर वर्षानुवर्षे साठलेली माती. जमीन हलली तेव्हा भिंतीच्या दोन बाजू सुटल्या आणि दगड-माती झोपलेल्या माणसांवर आली. कुडाची, छपराची हलकी घरे त्यामानाने कमी पडली. भूकंप केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण भिंत जोडलेली आहे की नाही आणि माळवद किती जड झाले आहे, हे आज सांगता येते.

आमचे पोट आलेले ठिकाण भूकंपाशिवायही पडले असते. गवंडीकाका म्हणाले, एखाद्या झडीच्या पावसात रात्री बसली असती. भाऊ चार वर्षांचा आहे. त्याला हे काही कळत नाही. तो नव्या भिंतीवर कोळशाने बैल काढतो.

पालकांसाठी यादी

आज करण्यासारखे : न्हाणीचे आणि पन्हाळीचे पाणी कुठे जाते ते बघा. स्लॅबवरचा पाला काढा. पत्र्यावरचे दगड उतरवून बोल्ट आवळा. मोठी भेग असलेल्या भिंतीपासून बाज हलवा.

या महिन्यात करण्यासारखे : भिंतीबाहेर मातीचा उतार करा. उंदरांची बिळे बुजवा. पिंपळाची रोपे मुळासकट काढा. माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी काढा.

गवंड्याला दाखवण्यासारखे : वाढणारी तिरपी भेग, पोट आलेली भिंत, वाकलेली किंवा वाळवी लागलेली तुळई, गज दिसणारा स्लॅब.

स्वाध्याय

1. आपल्या घराच्या चारी बाजूंना लोटाभर पाणी ओता. ते कोणीकडे पळते ते बाण काढून दाखवा.
2. आपल्या घरातली एक भेग निवडा. दोन्ही बाजूंना फुल्या करा, तारीख लिहा आणि दर पंधरा दिवसांनी मोजा.
3. आपल्या माळवदावर माती किती जाड आहे ते मोठ्यांना विचारा. वजनाचे गणित करा.
4. विचार करा : गळायला लागल्यावरच घर तपासले तर काय तोटा होतो?

मला चौथ्या प्रश्नाचे उत्तर आता येते. ज्यांना लिहायचे आहे त्यांनी आपले उत्तर कागदावर लिहून या भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाकावे. आणि ज्यांना ओळंबा पाहिजे त्यांनी आमच्या वर्गात यावे. दगड आमचा, सुतळी आमची. घर फक्त तुमचे पाहिजे.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी